दोनदा दळलेली कॉफी

साडू हा प्रकार गोरक्षला मुळात मान्यच नव्हता. चौदा वर्षं तो मखमलाबादच्या पुंजारामांचा एकुलता एक जावई होता आणि जन्मभर तसाच राहायची त्याची तयारी होती. पण गेल्या वर्षी धाकट्या मनीषाचं लग्न झालं आणि हा राज उपटला. पुण्याचा कॉम्प्युटरवाला, सहा महिने अमेरिकेत राहून आलेला. बोलायला गोड, दिसेल त्याला वाकून नमस्कार करणारा. अशा माणसाचा राग करायचा तरी कसा? पण गोरक्षने तेही जमवलं.

सासरी गोरक्षला मान होता तो कॉफीचा. ओझरच्या विमान कारखान्यात तो फिटर. वसाहतीतले शेजारी मद्रासकडचे, त्यांच्याकडून तो कॉफी शिकला. एरवी पुंजारामांच्या घरात कॉफी म्हणजे दुधात उकळलेली, साखर आणि जायफळ घातलेली खीरच! गोरक्ष यायचा तो स्टीलचा फिल्टर, भाजलेल्या बिया आणि टेबलाच्या कडेला आवळायचं लोखंडी दळणयंत्र पिशवीत घालून. तो दांडा फिरवायला बसला की गल्लीतले लोक ओट्यावर जमायचे. एवढ्या मोठ्या भाजीच्या मळ्याचा मालक असलेला सासरा सगळ्यांना सांगायचा, "आमच्या गोरखच्या हातची कॉफी पिऊन पाहा, लय भारी हाय." फिटरला एवढा मान दुसऱ्या कशाने मिळाला असता? तो गेला तर आपल्याजवळ काय उरतं, हे गोरक्षला नीट ठाऊक होतं. काहीच नाही.

२००४ साली अधिक श्रावण आला. धोंड्याच्या जेवणाला दोन्ही जावई सकाळीच हजर झाले. आणि राजने बॅगेतून काढलं काय, तर काचेचं उभं भांडं, त्याला मधोमध दांडा आणि दांड्याला खाली गोल जाळी.

"बाबा, आज कॉफी मी करतो," तो पुंजारामांना म्हणाला. "ह्यात भुकटी टाकायची, उकळतं पाणी ओतायचं, चार मिनिटांनी दांडा दाबायचा. चोथा खाली, कॉफी वर."

"आरं वा!" सासरा खुर्ची ओढून जवळ बसला. ते बघून गोरक्षच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"खेळणं आहे ते," तो म्हणाला. "फिल्टरमधून कॉफी थेंब थेंब उतरते, तिला भुकटी बारीक रव्यासारखी लागते. ह्याला लापशीच्या रव्यासारखी भरड लागणार. जरा बारीक पडली की जाळी बुजली, दांडा अडला, बसा बोंबलत. म्हणून भरडा भिजवायचा नि त्या पाण्याला कॉफी म्हणायचं!"

"बरोबर आहे दाजी, भरडच लागते," राज हसून म्हणाला. "म्हणून तर दळायचं मशीनही आणलंय." त्याने अमेरिकेतलं ते विजेचं मशीन प्लगला लावून बटण दाबलं. ते एकदा किंचाळलं, जळका वास आला, धूर निघाला आणि खेळ खलास. तिकडची वीज आपल्याहून निम्म्या दाबाची असते, हे एवढ्या शिकलेल्या माणसाच्या ध्यानात आलं नव्हतं. गोरक्ष पोट धरून हसला. दुसरं कुणी हसलं नाही.

"दाजी, तुमच्या यंत्रावर भरड दळून द्याल का?" राजने विचारलं. अगदी सरळ मनाने विचारलं, आणि त्यामुळेच गोरक्षचं डोकं जास्त फिरलं.

"देतो की. त्यात काय!"

मागच्या पडवीत त्याने यंत्र आवळलं. दळण किती बारीक पडावं ते ठरवणारा एक स्क्रू होता, तो पार घट्ट पिळला. एकदा दळलं, बोटांत चोळून पाहिलं. समाधान होईना. पुन्हा घातलं. दुसऱ्यांदा निघाली ती पिठीसाखरेसारखी मऊ. होऊ दे फजिती! अडू दे दांडा, बसू दे चोथा सगळ्यांच्या घशाला, मग सासरा आपणहून म्हणेल, गोरख, तुझा फिल्टर काढ बाबा. ह्याहून वाईट त्याच्या मनात काही नव्हतं. पण होतं तेही कमी नव्हतं.

भुकटी त्याने स्वतःच भांड्यात ओतली आणि लगेच वर उकळतं पाणी घातलं. पाणी पडल्यावर जाड काय नि बारीक काय, सगळं काळंच. चार मिनिटं झाली. भांडं सरकू नये म्हणून सासूबाई, नवसाबाई, पदराने त्याचा कान धरून उभ्या राहिल्या. राजने दांडा दाबला. दांडा हलेना.

"जोर लावा की राव, सकाळपासून खाल्लं नाही काय?" गोरक्ष म्हणाला.

राजने अंगाचा भार टाकला. दांडा तिरका झाला आणि उकळती कॉफी चोथ्यासकट उसळली, ती थेट नवसाबाईंच्या उजव्या हातावर, पंजापासून कोपरापर्यंत. म्हातारी किंचाळली.

मग सगळे राजवर तुटून पडले. मनीषा रडत रडत नवऱ्याला बोलू लागली. पुंजाराम ओरडले, "कशाला आणली ही बला माझ्या घरात?" राज पांढराफटक पडला होता, "आई, चुकलं माझं," एवढंच म्हणत होता. "मी सांगितलं होतं," गोरक्ष म्हणाला. खोटं कशाला बोला, त्या घटकेला त्याला बरं वाटलं.

नवसाबाईंचा हात पाण्याच्या बादलीत होता. "धाकल्यांना कायबी बोलू नका," त्या कण्हत म्हणाल्या. "त्येंचा काय दोस? आन् थोरल्यांनी तर किती जीव लावून दळली! येकदा दळून भागलं नाय, त्येंनी परत दळली. म्या चुलीपासनं बघत व्हते. पार मऊ केली. साडूसाठी येवढं कोण करतं?"

राजने टेबलावर सांडलेला चोथा चिमटीत घेतला, चोळला आणि गोरक्षकडे पाहिलं. पुंजारामांनीही चिमटीत घेऊन चोळला.

गोरक्ष शिव्यांची वाट पाहत राहिला. एक मुस्काटात बसली असती तरी त्याला चाललं असतं. पण धोंड्याच्या महिन्यात जावई म्हणजे विष्णू, त्याला उणा शब्द बोलायचा नाही. पुंजाराम उठले आणि बायकोला घेऊन दवाखान्यात गेले.

दुपारी पाट मांडले. नवसाबाई निरांजनाचं ताट घेऊन आल्या, हाताला कोपरापर्यंत पट्टी.

"आई, राहू दे आज," गोरक्षची बायको सरिता म्हणाली.

"नाय, ओवाळ," पुंजाराम म्हणाले. "आधी थोरल्या जावईबापूंना. त्यांचा मान राहिला पाहिजे." आजवर त्यांनी गोरक्षला गोरख सोडून दुसऱ्या नावाने हाक मारली नव्हती.

सरिताने वाकून नवऱ्याच्या ताटात अनारसे वाढले आणि त्याच्यापुरतं ऐकू जाईल असं बोलली, "संध्याकाळी तुम्ही एकटेच जा ओझरला. मी आईपाशी राहते. आणि मी निरोप धाडल्याबिगर न्यायला येऊ नका."

नवसाबाईंनी ताट डाव्या हातावर तोललं आणि पट्टीतून उघडी राहिलेली दोन बोटं कुंकवात बुडवली.

"मान वर करा ना बाबा," त्या मायेने म्हणाल्या. "हात दुखतोय माझा."

गोरक्षची मान वर होईना.