जीवरामनानांच्या श्वासाची तार

साक्रीकडच्या एका खेड्यात होते जीवरामनाना, होती त्यांची भिकुबाई, आणि घडीभर त्यांच्या सोबतीला होते मी. मी कोण? केसासारखी बारीक तार. धुळ्याच्या एका दवाखान्यात डबीत राहते.

घशाच्या रोगानं ज्यांची आवाजाची पेटी काढली, ती माणसं गळ्याच्या भोकातून जन्मभर श्वास घेतात. नाक हवा ऊन करतं, ओली करतं. भोकाला ते कुठलं जमायला! म्हणून यंत्राला जोडून डॉक्टर मला त्या भोकात सोडतात. आतली ऊब, ओल मी सांगते. मी ज्यांच्याजवळ जाते त्यांना बोलता येत नाही, आणि बोलणारे कुणी माझ्याजवळ येत नाहीत.

एक्याण्णव सालच्या पौषात नाना भिकुबाईसोबत तपासणीला आले. भोकावर खळ दिलेला कोरा पांढरा फडका. लग्नाला आल्यासारखा तो थाट पाहून कंपाउंडर छगन हसला, "अक्का, लगीनले उनात का?"

मी आत गेले. बाई गं! श्वास गार आणि उन्हाळ्यातल्या पांझरा नदीसारखा कोरडा.

डॉक्टर म्हणाले, "असं राहिलं तर आत खपल्या धरतील, श्वास अडकेल. थंडीभर इथंच राहा."

नानांनी भिकुबाईचा हात घट्ट धरला. आवाज नव्हताच, नुसते ओठ हलले, "घर."

भिकुबाई म्हणाली, "घर येले खपल्या धरतस नही, डाक्टरभाऊ!"

"मग इथं कोरडं कसं?"

भिकुबाईनं मान खाली घातली. पिशवीतून एक विटका फडका काढला. "घरना फडका येगळा शे. जूना लुगडाना, चार घडीना. जरासा ओला करीसन बांधस मी. तुमनामोरे फाटका कसा आणू? म्हनीसन नवा बांधा."

डॉक्टरांनी तोच बांधायला लावला. मी परत आत गेले. यंत्राचा काटा पंचवीस अंशांवरून एकोणतीसवर चढला, ओलही वाढली. त्यांनी तीनदा मोजलं.

"अक्का, हाच बांधा. रोज धुवा, पाणी उकळून गार केलेलं घ्या. जा घरी."

नानांनी खळीचा फडका उचलून छगनच्याच गळ्यात बांधला. भिकुबाई म्हणाली, "आते तुनं लगीन!"

पुढच्या पौषात दोघं आले. बंद डबीत मला भिकुबाईचा आवाज ऐकू आला. नानांना खपली नव्हती, खोकला नव्हता.

"मोजायला नको," डॉक्टर म्हणाले.

एकदा तरी झाकण उघडावं, असं फार वाटलं. पण ज्याचं भलं झालं, त्याला माझं काय काम? साक्रीच्या गाडीची वेळ झाली होती. नाना घरी गेले.