पाहुणे येईपर्यंत

गहिनीनाथने शिट्टी तोंडाला लावली आणि पुन्हा हातात घेतली. चेअरमनची गाडी अजून आली नव्हती. पाहुण्यांनी हात मिळवल्याशिवाय सामना सुरू करायचा नाही, ही इथली रीत. म्हणून दोन्ही संघांतल्या पोरी सकाळपासून उन्हात रांगेत उभ्या होत्या. धूळ बसावी म्हणून गावाचा टँकर मैदानावर ओतला होता. ती ओलही वाळून गेली होती.

साखर कारखाना नावाला सभासदांचा, कामाला चेअरमनचा. शाळा त्याचीच, कबड्डीची ही स्पर्धाही त्याच्याच वाढदिवसाची. गहिनीनाथ मास्तर होऊन वर्षं झाली, पण कायम झाला नव्हता. आज चेअरमनसाहेब कायम करण्याचा शब्द देणार, असं हेडमास्तर आबासाहेबांनी कानात सांगितलं होतं.

“सर,” त्याच्या संघाची कप्तान सत्यभामा म्हणाली, “तुमीच वर्गात इचारलंत ना, लोकं खेळ बघाया येत्यात का चेअरमनला?”

“इचारलं. मग?”

“मग बघू की. करा सुरू.”

समोरच्या चौसाळ्याच्या संघाची कप्तान हसली. “आमी तयार हाव. उभं राहून पायाचे खुंटे झाले.”

गहिनीनाथने फाटकाकडं पाहिलं. आबासाहेब हार घेऊन ताटकळले होते. प्रश्न विचारणं सोपं असतं. पोरी उत्तर मागायला लागल्या की मास्तरची पंचाईत होते.

त्याने शिट्टी वाजवली.

मंडपातली माणसं उठून रेषेपाशी आली. त्यांतली भिवराबाई पदर खोचून ओरडली, “धर की गं तिला! भाकर खाल्ली न्हाईस का?”

सत्यभामा चढाईवर गेली. ती पार आत घुसली, तेवढ्यात फाटकात धुरळा उठला. गाडी थांबली. दार उघडलं. पांढरे कपडे खाली उतरले. साहेब हाराची वाट पाहत क्षणभर उभे राहिले, मग स्वतःच गर्दीच्या मागं येऊन टाचा उंचावू लागले.

एकच गलका झाला. सत्यभामा मधल्या रेषेपाशी आडवी, अंगावर चौघी.

“सर, रेषेला हात टेकला का न्हाई? गुण कुणाला?” खालून सत्यभामाने विचारलं.

“टेकला! टेकला!” आबासाहेब हार हवेत नाचवत ओरडत होते.

गहिनीनाथची नजर गर्दीमागच्या पांढऱ्या कपड्यांवर होती.

“सर?”

“मी बघितलं न्हाई.”

“कावून? कुठं बघत व्हते?” धुळीतूनच तिने विचारलं.

त्याला हसू आलं, पोटातून, मोकळं. गाडीकडं पाठ करून तो रेषेच्या अगदी जवळ जाऊन उभा राहिला.

“पुन्हा जा,” तो म्हणाला.