आडव्या घोड्याची शिक्षा

राजोडीच्या किनाऱ्यावर दरवर्षी जानेवारीतल्या एका रविवारी, ओहोटी पुरती लागली की, घोड्यांची शर्यत होते. घोडे सहा-सातच. एरवी शनिवार-रविवारी पर्यटकांच्या पोरांना पाठीवर घेऊन सुरूच्या झाडांपासून भेळवाल्यापर्यंत रमतगमत चालणारे. त्या एका दिवशी मात्र त्यांना पळायचं असतं, आणि काहींना ते आठवायला थोडा वेळ लागतो.

या शर्यतीचे पंच इग्नेशियस. मुंबईच्या रेसकोर्सवर एकतीस वर्षं कारकुनी करून निवृत्त झालेले. गळ्यात दुर्बीण, डोक्यावर फेल्ट हॅट, आणि शर्यतीतला शब्द न् शब्द इंग्रजीत. त्यांच्या शब्दाबाहेर सहसा कोणी जात नसे. पण दोन वर्षांपूर्वी त्यांनी काशीरामला दोन वर्षांसाठी बाद केलं आणि सगळं बिनसलं.

झालं असं होतं. काशीराम आपल्या शेवंता घोडीवर पुढे होता. शेवटच्या निशाणाला शंभर पावलं उरली असताना घोडी एकदम डावीकडे सरली आणि मागून येणाऱ्या मेलरॉयच्या रॉकेटला आडवी गेली. मेलरॉय पडता पडता वाचला. इग्नेशियसनी तिथल्या तिथे शिक्षा सुनावली, दोन वर्षं शर्यत बंद. काशीराम काही बोलला नाही. घोडीला घेऊन घरी गेला.

पण त्याच्या आदल्या वर्षी नेमकं उलटं झालं होतं. तेव्हा मेलरॉयने काशीरामला घोडा आडवा घातला होता, आणि इग्नेशियसनी त्याला नुसती ताकीद देऊन सोडलं होतं. तेव्हाही काशीराम काही बोलला नव्हता. गेल्या जानेवारीत तो घरी बसला. यंदा डिसेंबरात मात्र त्याने निरोप पाठवला की शिक्षा सारखी नसेल तर भावकीचा एकही घोडा येणार नाही. सातांपैकी चार घोडे त्याचे आणि भावकीचे. तीन घोड्यांची शर्यत बघायला कोण येणार? शर्यत भरवणाऱ्या मंडळाचे लोक घाबरले आणि भुईगावला हेलन टीचरकडे गेले.

हेलन टीचर अडुसष्ट वर्षांच्या. छत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, शेवटची नऊ मुख्याध्यापिका म्हणून. घोड्यांबद्दल त्यांना एवढंच ठाऊक होतं की ते मागून लाथ मारतात. पण शिक्षा या विषयात त्यांच्याएवढा अनुभव पंचक्रोशीत कोणाला नव्हता, आणि शर्यतीतले बहुतेक घोडेस्वार कधी ना कधी त्यांच्या वर्गाबाहेर उभे राहिलेले होते.

त्यांनी इग्नेशियस, काशीराम आणि मेलरॉय, तिघांनाही आपल्या व्हरांड्यात बोलावलं. आधी इग्नेशियसना विचारलं की चूक एकच, मग एकाला ताकीद आणि दुसऱ्याला दोन वर्षं, हे कसं? इग्नेशियसनी अगदी प्रामाणिकपणे सांगितलं. मेलरॉय घोड्यावरून उतरला तो थेट त्यांच्यापाशी आला, टोपी काढली, म्हणाला, अंकल, चुकलो. काशीराम मात्र समुद्राकडे बघत उभा राहिला. पश्चात्तापाचं नाव नाही.

“म्हणजे तुम्ही घोडा आडवा घातल्याची शिक्षा दिलीच नाहीत,” हेलन टीचर म्हणाल्या. “गोड बोलता येत नाही, याची दिलीत.”

इग्नेशियसनी हॅट मांडीवर घेतली आणि तिची कड चाचपत बसले. टीचरनाही हे सहज सुचलं नव्हतं. शाळेत एकदा दोन मुलांनी मिळून खिडकीची काच फोडली होती. एक रडला, दुसरा रडला नाही, आणि न रडणाऱ्याला त्यांनी आठवडाभर मैदान बंद केलं होतं. ते त्यांच्या मनाला अजून टोचत होतं.

काशीरामला विचारलं, तर तो म्हणाला, “माझं कायच म्हननं नाय. त्याला जेवढी, तेवढीच मला.”

मग टीचरनी निकाल दिला. घोडा आडवा घातला तर एक वर्ष बाद. सगळ्यांना, आणि सारखंच. काशीरामचं एक वर्ष झालं, म्हणून तो मोकळा. मेलरॉयचं व्हायचंय, म्हणून तो यंदा बाहेर. मेलरॉयने आधी आपलं नेहमीचं सॉरी म्हणून पाहिलं. टीचर म्हणाल्या, सॉरी पोचलं, वर्ष राहू दे. मग त्याने जुन्या चुकीला नवा नियम कसा काय, असा मुद्दा काढला. मुद्दा बरा होता. टीचरनी त्यावर चहा संपेपर्यंत विचार केला, आणि म्हणाल्या की काशीरामने त्याच जुन्या नियमाखाली एक वर्ष घरी काढलंय, तू काढलं नाहीस. तिघेही गेले. हेलन टीचरना त्या रात्री छान झोप लागली.

मेलरॉयने मात्र, बंदी स्वाराला आहे, घोड्याला नाही, असं म्हणत दुसऱ्याच दिवशी रॉकेटवर नवा स्वार नेमला. ती होती ॲनिशा, टीचरची नात. चोवीस वर्षांची, वसईत एका दातांच्या दवाखान्यात नोकरीला, आणि दोन वर्षं दर रविवारी मेलरॉयकडे घोडेस्वारी शिकणारी. गावात सगळ्यांना वाटलं, मेलरॉय हुशार. टीचरना हे कळलं ते शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी, ॲनिशा मागच्या दारी बूट घासत बसली तेव्हा. आजी रागावली का, असं तिने विचारलं. टीचरनी हेल्मेट घालशील ना, एवढंच विचारलं.

रविवारी सातही घोडे धावले. टीचर शेवटच्या निशाणापाशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या. निकाल देण्याचं काम मंडळाने त्यांच्याकडे दिलं होतं. इग्नेशियस आता फक्त निशाण दाखवायला, पण दुर्बीण होतीच. अर्ध्या वाटेनंतर पुढे दोनच घोडे उरले, रॉकेट आणि शेवंता. मानेला मान लागलेली. शेवंता पाण्याच्या बाजूला. आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत रॉकेट तिच्या अंगावर सरकला. काशीरामला घोडी सरळ पाण्यात घालावी लागली. पाणी त्याच्या कमरेपर्यंत उडालं, आणि रॉकेट अर्ध्या अंगाने जिंकला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मग एकेक करून थांबवल्या. सगळे खुर्चीकडे बघू लागले.

इग्नेशियस खाली वाकून टीचरच्या कानात म्हणाले की कुत्रा आडवा आला होता. कुत्रा होताही. राजोडीला कुत्रा नाही अशी जागाच नाही. मेलरॉय म्हणाला, फुगेवाल्याचा फुगा फुटला. कोणी म्हणालं वारा, कोणी म्हणालं वाळू भुसभुशीत. दोन मिनिटांत रॉकेट आडवा का गेला याची सहा कारणं जमली. खरं सांगायचं तर हेलन टीचरना कुत्र्याचं कारण फार आवडलं. ते त्या उचलणारच होत्या.

तेवढ्यात काशीराम शेवंताला चालवत आला. पँट कमरेपर्यंत ओली. तो म्हणाला, “टीचर, पोरीला इचारा. घोडा भ्याला, का तिनं वढला. मला दोन वर्सांमागं कोनी इचारलं नव्हतं.”

टीचरनी त्याच्याकडे पाहिलं. “दोन वर्षांपूर्वी काय झालं होतं?”

“पतंग पडला पुढ्यात. शेवंता बुजली.”

तेव्हाच का सांगितलं नाहीस, असं टीचरनी विचारलं. काशीराम म्हणाला की इग्नेशियसभाऊंनी आधीच दोन वर्षं सांगून टाकली होती. शिक्षा झाल्यावर कारण सांगायचं म्हणजे रडल्यासारखं दिसतं.

टीचर खुर्चीत जराशा खचल्या. व्हरांड्यात हा माणूस त्यांच्यासमोर अर्धा तास बसला होता. दोन्ही पारडी सारखी करायच्या नादात त्यांनी त्याला शिक्षेबद्दल विचारलं होतं, चुकीबद्दल नाही. घोडी बुजली तर त्यात माणसाचा दोष काय? म्हणजे त्याचं एक वर्ष फुकट गेलं होतं, आणि त्यांनी ते ‘बरोबर’ असं लिहून त्यावर सही ठोकल्यासारखं केलं होतं.

मग त्या ॲनिशाकडे वळल्या. ती अजून घोड्यावरच होती, हेल्मेटखाली तोंड लाल.

“घोडा बुजला, की तू लगाम ओढलास?”

मेलरॉय मागून हळूच फुगा, फुगा म्हणत होता. ॲनिशाने आधी समुद्राकडे पाहिलं, मग आजीकडे.

“कुत्रा होता, पण तो मागे होता,” ती म्हणाली. “मी ओढला. मला वाटलं काशीरामकाका पुढे जाणार.”

“एक वर्ष,” टीचर म्हणाल्या.

जिंकणाऱ्याची ढाल काशीरामला मिळाली. पण ती देण्याआधी टीचर उठून उभ्या राहिल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या की काशीरामची दोन वर्षांपूर्वीची शिक्षा चुकीची होती. इग्नेशियसची दोन वर्षं चूक, आणि माझं एक वर्षही चूक. मी चुकले. हेलन टीचरच्या तोंडून हा शब्द कोणी कधी ऐकला नव्हता. त्यांच्या हाताखालून गेलेली चाळिशीतली दोन-तीन माणसं अस्वस्थ होऊन वाळूकडे बघू लागली.

ही संधी बघून मेलरॉय पुढे आला. काशीरामची शिक्षा चूक, तर आपली यंदाचीही चूकच धरायची का, असं त्याने विचारलं. टीचरनी त्यालाही तोच प्रश्न टाकला, तीन वर्षांपूर्वी घोडा बुजला होता की तू ओढला होतास? मेलरॉयने टोपी काढली. सॉरी म्हणायला तोंड उघडलं. समोर ॲनिशा उभी होती. तिने त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

“ओढला होता, टीचर,” तो म्हणाला.

“मग तुझं वर्ष बरोबर होतं. ते झालं. पुढच्या वर्षी धाव.”

शर्यतीचा नियम तेव्हापासून असा ठरला की शिक्षा सांगण्याआधी घोडेस्वाराला त्याचं म्हणणं विचारायचं, गप्प राहणाऱ्याला दोनदा. विचारायचं काम इग्नेशियसकडे आलं. ते त्यांनी आनंदाने घेतलं आणि त्यालाही एक इंग्रजी नाव शोधलं.

घरी जाताना टीचर ॲनिशाच्या स्कूटरवर मागे बसल्या. कळंबपाशी ॲनिशाने विचारलं, कुत्र्यामुळे झालं असं मी म्हटलं असतं तर?

“विश्वास ठेवला असता,” टीचर म्हणाल्या. “मला ठेवायचाच होता.”

यावर ॲनिशा मंगळवारपर्यंत आजीशी बोलली नाही. बुधवारी बोलली, पण तेही फक्त मीठ मागायला. पुढच्या रविवारी मात्र ती सकाळीच निघाली. मेलरॉयकडे नाही, राजोडीला, काशीरामच्या घरी. घोडा सरळ कसा पळवायचा ते शिकव, असं तिने सांगितलं. त्याने शेवंताला सोडून आणलं, लगाम ॲनिशाच्या हातात दिला आणि ओल्या वाळूत काठीने एक लांब रेघ ओढायला लागला. पार सुरूच्या झाडांपर्यंत.