अर्धं वर्ष माझं, अर्धं तळ्याचं

मित्रांनो, मला पाहिलं की लहान मुलं आधी हसतात. त्यांना वाटतं, हे कुणीतरी हौसेने बनवलेलं मोठं खेळणं आहे. माझी उंची त्यांच्या छातीइतकी. बसायला जागा एकाचीच, आणि तीही अशी की चालवणाऱ्याचे खांदे बाहेरच राहतात. पण मी खेळणं नाही. मी शर्यतीची गाडी आहे, आणि वयाने तुमच्या आजोबांच्या बरोबरीची आहे. आम्हाला मिजेट, म्हणजे बुटकी, म्हणतात. दुसरं महायुद्ध संपलं आणि अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या आमच्या दूधदुभत्याच्या गावांत अशा बुटक्या गाड्यांचं नुसतं पेव फुटलं.

मला ओटो क्रेन्झ यांनी घडवलं. त्यांचा धंदा दुधाचे कॅन दुरुस्त करण्याचा. दिवसभर ते लोकांचे कॅन ठोकायचे आणि जेवण झालं की मला. वाळूच्या पिशवीवर पत्रा ठेवून लाकडी हातोडीने त्यांनी माझं नाक गोल केलं, शेपूट निमुळती केली. इंजिन मात्र नवं घेण्याची ऐपत नव्हती. एका भंगारवाल्याकडे छोटं आठ सिलिंडरचं इंजिन पडलं होतं. कुणीतरी त्यातलं पाणी न काढता ते थंडीत बाहेर ठेवलं होतं. पाण्याचा बर्फ झाला आणि इंजिनाला चीर गेली. ओटोंनी ती चीर पितळेची झाळ देऊन बुजवली. झाळ इतकी वाकडीतिकडी आली की त्यांची बायको म्हणाली, "हे शिवलंय की उसवलंय?" पण ती झाळ पक्की बसली. इंजिन माझ्या पुढच्या भागात बसवलं आणि पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा मला कळलं की आपण जिवंत आहोत.

मला चालवायचा एमिल व्रना. पहाटे तो बेकरीत पाव भाजायचा आणि बुधवारी संध्याकाळी मला घेऊन मेपल हॉलोच्या मैदानावर यायचा. माझा रंग पिवळा, नंबर अडतीस. आमच्या गाड्यांना स्वतःहून सुरू होता येत नाही. मागून ट्रकने ढकलावं लागतं. एकदा का इंजिन पेटलं की मग काय विचारता. मातीचा छोटा गोल रस्ता, त्यावर आम्ही दहाबाराजणी. वळण आलं की आम्ही सरळ वळत नाही. शेपूट बाहेर फेकून, अंग तिरकं करून, घसरतच वळतो. चाकांखालची ढेकळं उडून प्रेक्षकांच्या मक्याच्या लाह्यांत पडायची. लोक ती वेचून टाकायचे आणि उरलेल्या लाह्या खायचे. आम्ही काही शर्यती जिंकलो, पुष्कळ हरलो. एमिल हरला तरी उतरताना माझ्या नाकावर थाप मारायचा. त्याच्या हाताला नेहमी पिठाचा वास असायचा.

मग घराघरांत टीव्ही आले. बुधवारी लोक घरीच बसू लागले. मेपल हॉलोचं मैदान बंद झालं आणि तिथे मका पेरला गेला. एका सकाळी एमिल आणि ओटोंनी माझं इंजिन उचलून बाहेर काढलं. गुडघ्यापर्यंतचे ओले बूट घातलेला एक माणूस ते ट्रकमध्ये घालून घेऊन गेला. मला कुणी काही सांगितलं नाही.

उरलेली मी एका शेतकऱ्याकडे गेले. त्यांच्या मुलांनी मला निळी रंगवली. पुढे कुणीतरी ट्रॅक्टरचा उरलेला हिरवा रंग माझ्यावर संपवला. मुलं मला टेकडीवर ओढत न्यायची आणि चौघं-चौघं बसून खाली सोडायची. ते दिवस वाईट नव्हते. मुलं मोठी झाल्यावर मी धान्याच्या कोठारात गेले. माझ्या सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. अंड्यांना ऊब असते, हे मला तिथे कळलं. तरी पुढची रिकामी जागा मला सलायची.

खूप वर्षांनी त्या शेतावरचं सामान लिलावात निघालं, आणि तिथे डोरिस कुबियाक आल्या. डोरिसबाईंनी आयुष्यभर शाळेची पिवळी बस चालवली होती. नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. बरोबर त्यांचा धाकटा भाऊ स्टॅन होता. तो नळदुरुस्तीची कामं करायचा.

"ताई, हे काय आहे? न्हाणीघरातला टब?" स्टॅनने माझ्यातला पेंढा उपसत विचारलं.

"गप रे. शर्यतीची गाडी आहे ही."

"शेवटून पहिली आलेली दिसते."

"लहानपणी मेपल हॉलोला अशाच गाड्या बघायचे मी. शर्यतीआधी जिथे गाड्या सज्ज करायचे तिथे दारावर पाटी होती, बायकांना आत सोडणार नाही म्हणून. कुंपणातून नाक घालून बघायचे." डोरिसबाईंनी माझ्या स्टिअरिंगवरची कोंबडीची घाण रुमालाने पुसली. "जन्मभर मुलांना घेऊन तासाला वीस मैलांनी चालले. आता मला जोरात जायचंय."

अशी मी त्यांच्या घरी आले. त्यांनी माझा रंग यंत्राने खरवडला नाही. ओला पॉलिश पेपर घेऊन हाताने, हळूहळू घासला. हिरवा गेला, निळा आला. निळा गेला आणि एका दुपारी पिवळ्यावर अडतीसचा तीन दिसू लागला. बाईंनी कागद खाली ठेवला आणि स्टॅनला हाक मारली.

"हिचा कुणीतरी माणूस होता, स्टॅन. आपण त्याला शोधायचा."

शुक्रवारी आमच्याकडे सगळा गाव खानावळीत तळलेले मासे खायला जमतो. डोरिसबाई माझा फोटो पर्समध्ये घालून गावोगावच्या खानावळी पालथ्या घालू लागल्या. स्टॅन कुरकुरायचा, पण मासे खायचा. अखेर एका खानावळीत भिंतीवरच त्यांना मी दिसले. तरुण, चकचकीत, शेजारी एप्रन घातलेला एमिल. वाढणारी बाई म्हणाली, "अहो, हा आमचा एमिल पाववाला. वृद्धाश्रमात असतो. डोळे अधू झालेत, पण जीभ शाबूत आहे."

दुसऱ्याच दिवशी मला ट्रेलरवर चढवून वृद्धाश्रमाच्या दारात उभं केलं. एमिलला चाकाच्या खुर्चीतून बाहेर आणलं. त्याने माझ्या नाकावर तळवा ठेवला आणि कितीतरी वेळ तो उचललाच नाही.

"पुढून हलकी लागतेय," तो म्हणाला. "इंजिन नाही हिला."

"तेच विचारायला आलोय," डोरिसबाई म्हणाल्या. "कुठे गेलं ते?"

"पाण्यात गेलं."

स्टॅनने टोपी काढली. "बुडालं?"

"बुडेल कशाला? पोहतंय. एका स्वीडिश माणसाला विकलं मी. लाकडी बोटी बांधायचा. उत्तरेला, कुठल्याशा तळ्यावर. नाव विसरलो."

"माणसाचं की तळ्याचं?"

"दोन्ही." एमिल हसला. मग डोरिसबाईंचा हात धरून म्हणाला, "बाजूला पितळेची झाळ आहे. ओटोची. इतकी वेडीवाकडी दुसऱ्या कुणाला जमायची नाही. सापडलं तर मला एकदा आवाज ऐकवा. दिसत नसलं तरी ऐकू येतं मला."

उन्हाळा लागला आणि आम्ही उत्तरेला निघालो. आमच्या राज्यात तळी हजारोंनी आहेत. स्टॅन रोज म्हणायचा, "रिकामी गाडी कशाला मिरवतेस?" डोरिसबाई म्हणायच्या, "माणसं माझ्याशी बोलत नाहीत, हिच्याशी बोलतात." आणि खरंच, पेट्रोल पंपावर, दुकानासमोर लोक माझ्याभोवती जमायचे आणि लाकडी बोटींचे पत्ते सांगायचे. चुकीच्या पत्त्यांवर आम्ही पुष्कळ लिंबूसरबत प्यालो.

एके दिवशी स्प्रूस लेकच्या धक्क्याजवळ बाईंनी मला सावलीत उभं केलं. तळ्यावरून एक बोट येत होती. तिचा आवाज माझ्यापर्यंत पोचला आणि माझ्या पत्र्यात थरथर उठली. मित्रांनो, तो आवाज मी कोंबड्यांमध्ये बसून किती आठवला होता! आता तो शांत झाला होता, घाई नसलेल्या माणसासारखा. पण तोच होता.

बोट तपकिरी, चकाकणारी. ती चालवत होते आर्विड नीबर्ग, सत्तरी ओलांडलेले, उंच आणि अबोल. डोरिसबाईंनी विनवून इंजिनावरचं झाकण उघडायला लावलं. आत ओटोंची वाकडी झाळ होती. बाई धक्क्यावरच खाली बसल्या.

"विकत मागाल तर देणार नाही," आर्विड म्हणाले. "आधीच सांगतो."

"अहो, पण हे हिचं आहे."

"हिच्याकडे किती वर्षं होतं?"

"सातेक."

"माझ्याकडे पंचेचाळीस. लग्न करून सिग्नेला मी याच बोटीतून घरी आणली. मुलगी याच बोटीत पहिल्यांदा हसली. आता हिचं म्हणजे कुणाचं, ते तुम्हीच सांगा, बाई."

डोरिसबाई तरातरा निघाल्या. आर्विड यांच्या पत्नी सिग्ने धक्क्यासमोरच्या घराच्या ओसरीतून "कॉफी तरी घ्या" म्हणत राहिल्या. पण बाई थांबल्या नाहीत. खरं सांगू? त्या बोटीचा मला फार राग आला होता. परतीच्या वाटेवर मात्र तिचा आवाज आठवत राहिला. त्यात कुठेही दुखणं नव्हतं. कुणीतरी त्या इंजिनाला इतकी वर्षं जिवापाड जपलं होतं.

स्टॅन म्हणाला, "ताई, तशीच इंजिनं मिळतात बाजारात. दुसरं बसवू."

"एमिलला दुसऱ्याचा आवाज ऐकवू?"

स्टॅन रंगाचा डबा आणायला गेला. बाईंनी मला पिवळी रंगवली, अडतीस नंबर रेखला, नवी चाकं बसवली. जुन्या बुटक्या गाड्यांचा मेळावा ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी व्हायचा होता. मी सजून तयार होते आणि पुढून रिकामी होते.

सप्टेंबर संपता संपता फोन आला. सिग्ने बोलत होत्या. त्यांचा आवाज इतका मोठा की बाहेर अंगणात मलाही ऐकू आला.

"उद्या आम्ही बोट बाहेर काढतोय. आता तळं गोठणार. मे महिन्यापर्यंत ते इंजिन गोणपाटाखाली झोपा काढणार. मी ह्यांना म्हटलं, झोपा काढण्यापेक्षा जाऊ द्या की जरा माहेरी. दोन महिने नाही म्हणत होते. काल म्हणाले, बघ बोलून. तर तुम्ही या, आणि येताना इंजिन उचलायला चेन ब्लॉक आणा. ह्यांची पाठ धरलीय."

डोरिसबाईंनी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरातच एक गिरकी घेतली.

दोन दिवस नीबर्गांच्या अंगणात नुसती धांदल होती. बोटीसाठी लावलेले भाग काढायचे, माझे लावायचे. स्टॅन नळांत तरबेज, त्याने रेडिएटरच्या जोडण्या केल्या. आर्विड प्रत्येक बोल्टला "जपून" म्हणत होते. शेवटी स्टॅन म्हणाला, "अहो, मुलगी सासरी पाठवताय का?"

"हो," आर्विड म्हणाले. "म्हणून मी बरोबर येतोय."

आणि ते खरंच आले, स्वतःच्या तेलाचा डबा मांडीवर घेऊन.

मेळाव्याच्या दिवशी डोरिसबाई मला घेऊन आत शिरल्या. इथल्या दारावर बायकांना अडवणारी पाटी नव्हती. कुंपणाशी एमिलची खुर्ची ठेवली होती, त्याच्या शेजारी आर्विड आणि सिग्ने. बाई हेल्मेट घालून माझ्यात बसल्या. स्टॅनने ट्रकने मागून रेटा दिला. इंजिनाला एकदा खोकला आला, दोनदा आला, आणि मग ते पेटलं.

तळ्यावर ते गुणगुणत असे. मातीवर आल्याबरोबर ओरडलं! पहिली फेरी बाईंनी शाळेच्या बससारखी घेतली. दुसरीला वळणावर त्यांनी पाय दाबला, माझी शेपूट बाहेर गेली, आणि आम्ही घसरलो, तशाच, तिरक्या, पूर्वीसारख्या. बाई आत मोठमोठ्याने हसत होत्या. ढेकळं उडाली ती नेमकी आर्विड यांच्या लाह्यांत.

आम्ही थांबलो तेव्हा एमिल म्हणाला, "तिसऱ्या वळणावर लवकर सोडलंत तुम्ही. मी असतो तर अजून दाबलं असतं." त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता.

आर्विड लाह्यांतली माती वेचत होते. मग ते माझ्या नाकाशी आले, वाकले आणि हळूच म्हणाले, "मला माहीतच नव्हतं, याला इतका आवाज आहे." नंतर डोरिसबाईंकडे वळून: "मेमध्ये परत. आणि मला एक चक्कर."

त्यांनी चक्कर मारली. धक्क्याला बोट लावावी तितक्या सावकाश. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तेव्हापासून असंच चाललंय. तळं गोठायला आलं की इंजिन माझ्याकडे येतं, बर्फ वितळला की बोटीकडे जातं. सुरुवातीला ते काढताना मला भीती वाटायची. आता वाटत नाही. उन्हाळ्यात डोरिसबाई मला तळ्यावर नेतात आणि धक्क्याजवळच्या झाडाखाली ठेवतात. बोट पाण्यात फेऱ्या घालते आणि मी ऐकत बसते.

मित्रांनो, तुमच्या आसपास एखादी जुनी वस्तू पडलेली असेल, तर तिला भंगारात घालण्याआधी तिची गोष्ट शोधा. कुणी घडवली, कुणी वापरली, ते विचारत फिरा. सांगणारी माणसं अजून आहेत, पण ती थांबून राहणार नाहीत. शोधताना आणखी कुणाचा तिच्यावर जीव असल्याचं कळलं, तर भांडू नका, वाटून घ्या. आणि आम्हाला काचेच्या कपाटात ठेवू नका. तळ्यावरची मुलं पोहून येतात आणि ओल्या अंगाने माझ्या सीटवर चढतात. मोठी माणसं त्यांना रागावतात. तुम्ही मुलांना उतरवू नका. फक्त जाताना एक फडकं फिरवून पाणी पुसा, म्हणजे मला गंज चढणार नाही.