उभ्या उभ्या एकमत

कारखान्याच्या कामगार समितीत ठराव मंजूर करायची रीत सोपी होती. संमती असेल त्याने उभं राहायचं. खोलीत खुर्ची एकच, ती अध्यक्षांची. त्यामुळे गेली अकरा वर्षं सगळं कसं एकमताने चाललं होतं.

आजचा ठराव रविवारीही कामावर येण्याचा होता. वेल्डरला त्याची लेक जागी दिसायची ती रविवारीच. तो वैतागून सरळ फरशीवर बसला. “माझा विरोध आहे!”

“अरे, दादांना चक्कर आली! पाणी आणा,” अध्यक्ष कळवळले.

“चक्कर नाही हो, विरोध!”

“बघा, बरळायलाही लागले.”

समितीतच असलेल्या त्याच्या मेहुण्याने त्याला बखोट धरून उठवलं. “भावोजी, चारचौघांत शोभतं का हे?”

वेल्डर उभा राहिलेला पाहून अध्यक्षांनी समाधानाने लिहिलं, ‘सर्वानुमते मंजूर.’