लंगड्याशी बोलणं

यिलीचे पुढचे दोन दात पडले, त्या वर्षीची ही गोष्ट. गोऱ्यांची गुरं नदीकाठी शिरली, त्याला तेव्हा वीस पावसाळे झाले होते. यिलीचा रंग उजळ होता. बाप गुरांच्या ठाण्यावरचा गोरा. असली पोरं धरून दूरच्या शाळेत न्यायची, असा सरकारचा हुकूम होता. नेलेलं एकही पोर परत आलं नव्हतं.

यिलीची आई ठाण्यावर राबायला गेलेली. आईचा नवरा जागारा, पोरीला वाढवणारा, डोहाकाठी भाला तासत बसला होता. पोर त्याच्याजवळ खेळत होती. त्याची सासू, यिलीची आजी नारुका पाठमोरी बसून कंद खणत होती. सासू-जावयानं एकमेकांकडे बघायचं नाही, बोलायचं नाही, रीतच तशी. बोलायचंच झालं, तर मध्ये लंगड्या कुत्रा; सांगायचं त्याला, ऐकायचं दुसऱ्यानं.

वळणावर धूळ उठली.

"लंगड्या, बहिरा झालास का रे मेल्या? घोडी आली! कुणीतरी पोरीला घेऊन लव्हाळ्यात बुडी मारावी की नाही?" नारुका ओरडली.

"लंगड्या, म्हातारीला सांग, निघालोच. आणि म्हणावं, ओरडू नकोस, शिपायाला ऐकू जाईल."

"सांग त्याला, माझा घसा माझा आहे!"

घोडी आली तेव्हा डोहावर नुसती लव्हाळी होती. शिपाई तीन.

"उजळ पोरगी कुठंय?"

नारुका कंद खणत राहिली. लंगड्या गुरगुरला. शिपायानं बंदूक उचलली आणि त्याला जागेवर आडवा केला. मग घोडी धूळ उडवत निघून गेली.

लव्हाळी हलली. नारुकानं वर पाहिलं. कावळे निलगिरीवर बसून होते, लंगड्यावर उतरत नव्हते. म्हणजे कुणीतरी मागे राहिलं होतं. खडकाआड तिला बुटाचं टोक दिसलं.

आता सांगायचं कुणामार्फत? मेलेल्याशी बोलत नाहीत. लव्हाळ्यातून केस वर येऊ लागले.

नारुकानं छाती बडवून गळा काढला. "जागारा! जावईबापू! खाली राहा! खडकाआड एकजण आहे! पोरीला वर काढू नकोस रे!"

केस पाण्यात गेले. श्वासापुरत्या दोन पोकळ काड्या तेवढ्या लव्हाळ्यात वर राहिल्या.

खडकाआडच्या शिपायाला तिची भाषा येत नव्हती. "कुत्र्यासाठी बोंबलतेय," असं म्हणून तो हसला. बराच वेळ थांबला, कंटाळला आणि उन्हं कलल्यावर चालता झाला. तेव्हा कावळे उतरले.

जागारा थरथरत्या पोरीला घेऊन बाहेर आला. नारुकानं तोंड फिरवलं, डोक्यावर कातडं ओढलं. जावयाचं नाव घेतलं होतं तिनं, आणि तेही ओरडून.

दुसऱ्या दिवशी यिली कांगारूचं शेपूट घेऊन आजीकडे आली. सासूचा वाटा तो.

"बाबानं काही सांगितलंय?" नारुकानं विचारलं.

"हो. लंगड्याला सांग म्हणाला, म्हातारीचा घसा चांगला आहे."

यिलीला कुणी नेलं नाही. नारुका त्याच वर्षी, थंडी सरता सरता वारली.