बाईंनी लायब्ररी लावली

मराठीत ‘लावणे’ या क्रियापदावर जेवढी कामं टाकली आहेत, तेवढी एकत्र कुटुंबात थोरल्या सुनेवरही कोणी टाकत नाही. दार लावतात, दिवा लावतात, कात्रीला धार लावतात, वाद्य सुरात लावतात, लेकीच्या नवऱ्याला कामाला लावतात. एवढा संसार एकाच शब्दावर चाललेला असताना जावयाने फोनवर “लायब्ररी लावून घ्या” म्हटलं आणि सासूने ते आपल्या अर्थाने घेतलं. दोष कोणाचा ते ठरवायला बसलेल्यांनी आधी पुढचं ऐकावं.

मास्तर एकोणीस वर्षं एका बाहुलीनाट्य मंडळाला संगीत देत होते. लाकडी अस्वल नाचायचं, चिंध्यांची राणी रडायची, ती मास्तरांच्या कीबोर्डावर. तो कीबोर्ड गेल्या महिन्यात गेला. आधी त्याच्या बासऱ्या गेल्या, मग व्हायोलिनं. शेवटच्या आठवड्यात एकटा ढोल शुद्धीवर होता. दुरुस्तीवाल्याने तो उघडून पाहिला आणि डॉक्टर नातेवाइकांना बाजूला बोलावून बोलतात त्या आवाजात सांगितलं, की याचे भाग आता मिळत नाहीत.

मंडळाची दिग्दर्शिका मास्तरांच्या लेकीच्या वयाची. बोलायला गोड, तारखेला कडू. नवं नाटक एका सूटकेसचं होतं. स्टेशनावर विसरलेली सूटकेस मालकाची वाट पाहून कंटाळते आणि त्याला शोधायला स्वतःच चालू लागते. तिच्या चालीचं तीन मिनिटांचं संगीत शनिवारी सकाळी अकराच्या तालमीला हवं होतं. जमत नसेल तर आपण इंटरनेटवरून तयार संगीत घेऊ, दिग्दर्शिका म्हणाली, तुम्ही उगाच दगदग करून घेऊ नका. हा ‘दगदग’ शब्द मास्तरांना झोंबला. माणसाला घरी बसवायचं ठरलं की आधी त्याच्या तब्येतीची चौकशी वाढते, हे त्यांनी इतरांच्या बाबतीत पाहिलं होतं. एकदा तयार संगीत आलं की पुढच्या नाटकाला मास्तरांना बोलावणं येईल ते पहिल्या रांगेत बसायचं.

जावई ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत कामाला. त्याने रविवारी येऊन कॉम्प्युटरवर संगीत रचायचं सॉफ्टवेअर टाकलं, त्याला पियानोसारख्या पट्ट्यांचा एक आखूड फलक जोडला आणि सॅम्पलचं अ‍ॅप बसवलं. सॅम्पल म्हणजे नमुना, त्याने सासऱ्यांना समजावलं. कुठल्याशा वादकाने एकेक सूर वाजवून ठेवलाय, प्रत्येक सुराची एक फाइल. तुम्ही पट्टी दाबलीत की अ‍ॅप ती फाइल शोधून वाजवतं. असे सहाशे चाळीस नमुने होते, आणि त्या सगळ्यांच्या गठ्ठ्याला लायब्ररी म्हणतात. घरचं इंटरनेट मात्र इतकं निवांत, की रविवारी सुरू केलेलं डाउनलोड मंगळवारी पुरं होणार होतं. तोवर जावई थांबला असता, तर त्याचा पाहुणा झाला असता आणि पाहुण्याचा भाडेकरू. तो गेला.

मंगळवारी त्याने फोन केला तेव्हा मास्तर मंडळात सूटकेसची पावलं मोजायला गेले होते. फोन बाईंनी घेतला. बाई म्हणजे मास्तरांची बायको. पण एकतीस वर्षं सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल असल्यामुळे घरचेही त्यांना बाईच म्हणत.

“डाउनलोड झालं असेल तर आता फक्त लायब्ररी लावून घ्या, आई,” जावई म्हणाला. “पाच मिनिटांचं काम आहे.”

त्याला म्हणायचं होतं ते इतकंच, की नमुने कुठल्या फोल्डरात आहेत ते अ‍ॅपला दाखवा. बाईंना त्यातलं खटकलं ते ‘पाच मिनिटं’. लायब्ररी लावायला किती वेळ लागतो, हे त्यांना सांगणारा अजून जन्माला यायचा होता. मागच्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. तेव्हापासून घरातली औषधं, बरण्या आणि मास्तरांचे मोजे वर्गवारीने लागले होते आणि लावण्यासारखं काही उरलं नव्हतं. आता हे सहाशे चाळीस चालून आले.

फोल्डर उघडला आणि बाईंच्या कपाळाला आठी पडली. सगळ्या फाइली एकाच ढिगात, आणि नावं कसली, तर दोन-चार इंग्रजी अक्षरं, खालची रेघ, आणखी अक्षरं, आकडा. हे नाव आहे की मोटारीचा नंबर? वाचकाने मागायचं कसं? त्यांनी हेडफोन लावले, एकेक नमुना ऐकला आणि कामाला लागल्या.

तीन दिवस लागले. विभाग चार केले: फुंकायचे, घासायचे, छेडायचे, आपटायचे. ‘इतर’ हा विभाग त्यांनी नोकरीतही कधी ठेवला नव्हता. तो आळशांचा, असं त्यांचं मत. मग प्रत्येक फाइलीला माणसाला कळेल असं नाव. ‘व्हायोलिन, रडवेलं, लांबून’. ‘व्हायोलिन, रडवेलं, कानाशी’. ‘बासरी, सर्दी झालेली’. ‘घंटा, शाळा भरल्याची’ आणि ‘घंटा, शाळा सुटल्याची’. यंत्राच्या लेखी या दोन घंटांत फक्त आकड्याचा फरक होता. ‘ढोल, वरच्या मजल्यावर कपाट सरकवल्यासारखा’. मास्तर संध्याकाळी घरी आले की बाई डोळे मिटून कानाला हेडफोन लावून बसलेल्या दिसत. झाली का लायब्ररी लावून, ते विचारत. लागतेय, हात लावू नका, असं उत्तर येई. मोठी लायब्ररी आहे, लागत असेल वेळ, असं मास्तर समजत. नवरा-बायकोचं इतकं एकमत त्या घरात बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी दहाला मास्तर अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून कॉम्प्युटरसमोर बसले. चाल डोक्यात तयार होती. त्यांनी सॉफ्टवेअर उघडलं, त्यात अ‍ॅप उघडलं, बसून नावाचं वाद्य निवडलं आणि पट्टी दाबली. आवाज नाही. दुसरी दाबली. पडद्यावर इंग्रजीत एक पाटी आली. तिचा अर्थ असा, की सहाशे चाळीस नमुने सापडत नाहीत.

“या घरात नमुना सापडत नाही म्हणजे कमाल आहे,” बाई चहा ठेवता ठेवता म्हणाल्या.

मास्तरांनी जावयाला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. जावयाने विचारलं, फाइली हलवल्यात का. बाईंनी सांगितलं, छे, नुसत्या विभागवार केल्या. नावं बदललीत का? बदलली कशाची, नीट केली. मग जावई सासूशी बोलायच्या खास मऊ आवाजात म्हणाला, की अ‍ॅपला अक्कल नसते, आई, त्याला जुन्याच नावाने हाक मारावी लागते. आता सगळं परत डाउनलोड करायचं म्हणजे रविवार उजाडेल.

मास्तरांनी खिशातून रुमाल काढला आणि पट्ट्या पुसायला घेतल्या, डावीकडून उजवीकडे, एकेक. हे त्यांचं संतापणं. बाईंनी चार पट्ट्यांपर्यंत ते पाहिलं.

“जुनी नावं हवीत एवढंच ना?” त्या म्हणाल्या. “मग तसं सांगा की.”

आतून त्यांनी पुठ्ठ्याच्या बांधणीची एक नोंदवही आणली. अनुक्रमांक, दाखल तारीख, जुनं नाव, नवं नाव, विभाग, शेरा. सहाशे चाळीस ओळी, निळ्या शाईत. नोंद न करता नाव बदलायला आपण काय चोरीचा माल विकतो, असं त्यांनी नवऱ्याला आणि फोनमधल्या जावयाला एकदमच विचारलं. जावयाने हात टेकले. सगळी नावं परत फिरवायला दिवस पुरणार नाही, तो म्हणाला, त्यापेक्षा लागणार असतील तेवढीच वाद्यं निवडा, त्यांची नावं जुनी करा, पहिल्या ढिगात नेऊन टाका आणि तो फोल्डर अ‍ॅपला दाखवा. मग तो रेकॉर्डिंगला गेला.

आता निवडायची कशी? ऐकल्याशिवाय संगीतकार निवडत नाही, आणि सहाशे चाळीस फाइली एकेक ऐकायला आता तीन दिवस नव्हते. मास्तरांनी नोंदवही मांडीवर घेतली आणि बाईंनी दिलेली नावं वाचायला लागले. पहिल्या पानावर ओठ मुडपलेले होते. तिसऱ्या पानावर ते खुदकन हसले. ‘झांजा, पातेल्याचं झाकण पडल्यागत.’ ‘क्लॅरिनेट, खोटं बोलणारं.’ ‘चेलो, शेवटची गाडी चुकलेला.’ सूटकेस फलाटावर एकटी उभी असते, तिथे कोणतं वाद्य घ्यावं, यावर मास्तर आठवडाभर अडले होते. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि बाईंकडे पाहिलं. बाईंनी चष्मा सारखा केला.

नऊ वाद्यं निघाली. त्यांच्या मिळून शहाण्णव फाइली. बाई जुनं नाव एकेक अक्षर वाचत, मास्तर टंकत. मधे आडवी रेघ की खालची, यावरून दोनदा भांडण झालं; दोन्ही वेळा बाई बरोबर निघाल्या, आणि त्यांनी ते बोलून दाखवलं. पण एकेक वाद्य बोलू लागलं. चेलो जागा झाला, क्लॅरिनेट आलं, ढोलाने कपाट सरकवलं. तीन वाजेपर्यंत फलाटाचा प्रसंग रचून झाला, आणि मास्तरांना चहा थंड झाल्याचंही कळलं नाही.

राहिलं बसून. जाड, लाकडी नळीचं वाद्य, आवाज पोटातून येणारा. बाईंच्या वहीत त्याचं नाव ‘बसून, जेवून उठताना’. अख्खी चाल त्याच्यावर होती. सूटकेस चालणार ती त्याच्या पावलांनी. चौदा फाइली जाग्यावर होत्या, नावं दोनदा ताडून पाहिली, तरी चौदाच्या चौदा मुक्या. जावई फोन उचलत नव्हता. साडेतीन झाले, चार झाले. चेलोवर चालवून पाहिलं, तर सूटकेस कोणाच्या तरी मयताला निघाल्यासारखी वाटली. मास्तर म्हणाले, कळवून टाकतो तिला, घे म्हणावं तयार संगीत. आणि ते खरंच फोन शोधू लागले.

बाई मघापासून वहीतल्या एकाच पानावर अडल्या होत्या.

“त्यांचं स्पेलिंग चुकलं होतं,” त्या वहीकडे बघत म्हणाल्या.

“कोणाचं?”

“नावं देणाऱ्यांचं. बसूनमध्ये दोन एस असतात. त्यांनी एकच घातला होता, चौदाही ठिकाणी. मी उतरवताना दुसरा घातला.”

“जुन्या नावाच्या रकान्यात?”

“चूक डोळ्यांना दिसत असताना तशीच उतरवू?”

मास्तरांनी फोन खाली ठेवला. “अगं, त्या चुकीवरूनच तर ते त्याला ओळखतं,” ते म्हणाले. “काढ तो एस.”

“वहीत खाडाखोड होईल.”

“होऊ दे.”

एकतीस वर्षांत बाईंच्या नोंदीत खाडाखोड झाली नव्हती. त्यांनी फूटपट्टी घेतली, चौदा ठिकाणी चौदा एस एका सरळ रेघेने छाटले, समोर शेऱ्यात ‘मूळ चुकीप्रमाणे’ असं लिहिलं आणि प्रत्येक ठिकाणी सही केली. हे सगळं होईस्तोवर मास्तर थांबले. मग त्यांनी फाइलींतले एस काढले आणि पट्टी दाबली.

जेवून उठताना एखादा भारदस्त माणूस जसा आवाज करतो, तसा आवाज खोलीत आला. सूटकेस उठली. मास्तरांनी चार पावलं चालवली, वळवली, पाचव्या पावलाला अडखळवली. बाई हसल्या, आणि तो अडखळा मास्तरांनी दोन ठिकाणी घातला. सहा वाजता तीन मिनिटं पुरी झाली आणि दिग्दर्शिकेकडे गेली.

शनिवारी तालमीत सूटकेस त्या संगीतावर चालली. दिग्दर्शिकेने दोनदा थांबवून पुन्हा पाहिलं, ‘दगदग’ हा शब्द काढला नाही आणि तिकीट तपासनिसाच्या प्रवेशाचं संगीत पुढच्या शुक्रवारी मागितलं. वाद्य कोणतं घेणार, असं तिने विचारलं. घरी विचारून सांगतो, मास्तर म्हणाले. लोकांना वाटलं, नम्रपणा.

जावयाने रविवारी फोन करून सांगितलं, की आता सवडीने सगळी लायब्ररी नव्याने उतरवून देतो, जुन्या नावांची. मास्तर नको म्हणाले. जुन्या नावांत त्यांना काही सापडलं नसतं. लागेल ते काढून घेऊ, तासाभराचं काम.

सोमवारी ते नोंदवही घेऊन खिडकीशी बसले. तिकीट तपासनीस उंच, हडकुळा, सगळ्यांवर संशय घेणारा. ‘फुंकायचे’ विभागात त्यांना हवा तसा एक सापडला आणि त्यांनी समोर पेन्सिलीने बारीक खूण केली.

“वहीत खुणा करायच्या नाहीत,” बाई स्वयंपाकघरातून, न बघताच म्हणाल्या. “चिठ्ठीवर क्रमांक लिहून द्या. काढून देते.”

मास्तर चिठ्ठी शोधायला उठले.